सहाच्या खालची रेघ

मी संशयी माणूस आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण माझी नोकरीच संशयाची होती. अमरावतीत सिनेमाच्या वितरणाचं एक ऑफिस होतं, तिथे मी बुकिंग क्लार्क होतो. मुंबई-पुण्याहून पिच्चरच्या प्रिंटा आमच्याकडे यायच्या आणि आमच्याकडून साऱ्या वऱ्हाडातल्या थेटरांना जायच्या. थेटरवाला म्हणायचा, पिच्चर दोनच दिवस चाललं. तेव्हा ते पाच दिवस चाललेलं असायचं. प्रिंट परत करताना म्हणायचा, जशी आली तशी धाडली. तेव्हा त्यातलं एखादं नाचाचं गाणं कापून त्याने स्वतःजवळ ठेवलेलं असायचं. अशा लोकांत वर्षं काढली की घरी चहा मिळाला तरी माणूस आधी त्याचा रंग पाहतो. माझी बायको जमुना म्हणायची, "तुमाले देव भेटला तरी तुमी त्याले पावती मांगसान."

तर श्रावणवर मी घेतलेला संशय हा असा मुरलेला होता. तो कसा घेतला आणि शेवटी त्याचं काय झालं, तेवढंच सांगायचं आहे.

श्रावण डोमाजी तायडे हा आमच्या ऑफिसातला फिल्म चेकर. मूळचा तिवश्याचा. पंचेचाळीस साली गोदाम झाडायला म्हणून लागला आणि चार-पाच वर्षांत प्रिंट तपासायच्या टेबलावर बसला. थेटरातून परत आलेलं प्रत्येक रीळ एका चाकावरून दुसऱ्या चाकावर हाताने गुंडाळायचं आणि गुंडाळताना पट्टी अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून जाऊ द्यायची, हे त्याचं काम. कडेची भोकं कुठे फाटली आहेत ते डोळ्यांनी नाही, बोटांनी कळतं. श्रावणच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, आणि त्या घट्ट्यातूनही त्याला केसाएवढी चीर समजायची. खिडकीबाहेर बघत, समोरच्या हॉटेलातली भजी आज कशी जळली आहेत ते सांगत तो चाक फिरवायचा आणि मधेच थांबून म्हणायचा, "अथी गेलं." पाहावं तर नेमकं तिथेच गेलेलं.

गंमत अशी की या माणसाने जन्मात एकही पिच्चर पाहिलेलं नव्हतं. शेकडो पिच्चर त्याच्या चिमटीतून गेली, पण पडद्यावर एकही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "रोज हातातून जाते ना बाप्पा, अजून काय पाहाचं?" मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. फुकटचा पास मिळत असताना पिच्चर न पाहणारा माणूस काहीतरी लपवतो, असं माझं मत होतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. ऑफिसात कोणी 'श्रावण्या' म्हटलं तर तो ओ देईनासा झाला. आणि दुपारच्या सुट्टीत पाटी घेऊन बसायला लागला. तोवर डब्यांवरचे आकडे तो चित्रासारखे बघून काढायचा. पस्तिशी उलटल्यावर तो मराठी मुळाक्षरं शिकला, मग इंग्रजी आकडे. आम्ही थोडं हसलो. मग हसणं सोडून दिलं, कारण तो आमच्याकडे बघतच नव्हता.

बासष्ट साली आमच्या शेठजींनी गोदाम रिकामं करायचं ठरवलं. जुन्या, कोणी न विचारणाऱ्या प्रिंटा मुंबईचा एक व्यापारी विकत घ्यायचा. तो पट्टी धुऊन तिच्यातली चांदी काढायचा आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करायचा. कुठल्या प्रिंटा ठेवायच्या आणि कुठल्या बांगड्यांना द्यायच्या, याची यादी मी करायची होती.

मला हे काम आवडलं. पडलेल्या पिच्चरबद्दल माझं एक ठाम मत होतं, ते असं की पडलेलं पिच्चर पडलेलंच बरं. दरवर्षी कोणीतरी यायचा आणि सांगायचा की अमुक एक पिच्चर फार थोर होतं, त्या वेळी लोकांना कळलं नाही, आता लावून बघा. असं सांगणारा चौकशीअंती निर्मात्याचा साडू निघायचा. नाहीतर ते पिच्चर बघताना त्याचं लग्न जमलेलं असायचं. म्हणजे जुन्या पिच्चरचं कौतुक करणाऱ्याला पिच्चर नकोच असतं, त्याला त्या वेळचा स्वतःचा काळा केस हवा असतो. असं माझं म्हणणं, आणि ते मी शेठजींना दोनदा ऐकवलंही होतं.

यादी करायला बसलो त्याच दिवशी श्रावण माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सतरा वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आगाऊ रजाही नाही.

"बाबूजी, तो 'परतीचा टांगा' हाये ना," तो म्हणाला, "तो एक डाव कुठी लावून पाहा ना."

"कावून?"

"चांगला पिच्चर हाये."

ज्याने एकही पिच्चर पाहिलं नाही तो माणूस सांगतो, चांगलं पिच्चर आहे. माझे कान टवकारले.

'परतीचा टांगा' मी स्वतः बावन्न साली अमरावतीत पाहिलं होतं. पुण्याकडच्या कंपनीचं मराठी पिच्चर. एक टांगेवाला आणि त्याची बायको, गरिबीचा पण गोडीगुलाबीचा संसार. अर्ध्यात टांगेवाला नदीच्या पुरात जातो, घोडा रिकामा टांगा घेऊन घरी येतो, लोक प्रेत आणतात. थेटरात बाया रडल्या. आणि लगेच पुढच्या प्रसंगात तीच बायको कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून जावेशी भांडत होती. नवऱ्याचं नाव नाही, दुःख नाही. असं बराच वेळ चाललं. मग काय व्हावं? मेलेला टांगेवाला हसत दारात आला, उंबऱ्यावर बसला आणि पाणी मागितलं. ती पाणी देते, तो पितो, दोघं थोडं बोलतात. "सवारी घेऊन जातो," असं सांगून तो उठतो. त्यानंतर बाई एकदम पांढऱ्या कपाळाची, स्वतः टांगा हाकते आहे.

थेटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. माझ्या मागचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "पुन्याच्या लोकाईचं असंच अस्ते. आपल्याले नाही समजत ते." आणि हे सगळ्यांनी मान्य केलं. वऱ्हाडातला माणूस पुण्याच्या माणसाला शिव्या घालतो, पण आत कुठेतरी त्याला वाटत असतं की त्यांना काहीतरी जास्त कळतं. मीसुद्धा तसंच समजलो. तिसऱ्या दिवशी पिच्चर उतरलं आणि मी त्याच्या कार्डावर 'पडेल' असं लिहून टाकलं. साऱ्या वऱ्हाडासाठी ती एकच प्रिंट होती. जिथे गेली तिथे अशीच शिट्ट्या खाऊन आली.

आणि हे पिच्चर श्रावण तायडेला लावायचं होतं.

मी शोध सुरू केला. पहिला संशय, एखाद्या थेटरवाल्याने त्याला हाताशी धरलं असेल. तसं कोणी निघालं नाही. दुसरा, पिच्चरमधल्या कोणा नटीशी ओळखपाळख. नटी कोल्हापूरची, श्रावण नागपूरपलीकडे गेलेला नाही. तिसरा संशय मला सगळ्यात पक्का वाटला: या डब्यांत काहीतरी आहे, किंवा त्यांतून काहीतरी गेलं आहे. आज खरं सांगतो, त्याच्या जागी आमच्या नात्यातला कोणी असता तर मी आधी त्याला बसवून विचारलं असतं. श्रावणच्या बाबतीत मी तो जेवायला गेला तेव्हा गोदामात शिरलो.

बारा डबे एकावर एक रचलेले होते. दहा झाकणांवर पांढऱ्या रंगाचे आकडे. दोन झाकणांवर मात्र लाल. सहा आणि नऊ. दोन्ही आकड्यांच्या खाली ठसठशीत आडवी रेघ. म्हणजे या दोन डब्यांना नंतर हात लागला होता. मी रिळं काढली, लांबीच्या कागदाशी ताडून पाहिली. एक फूटही कमी नाही. चोरी सापडली नाही म्हणून माणसाला बरं वाटायला हवं. मला आणखीच संशय आला.

"सहा अन् नऊ नंबरचे डबे कोणी रंगवले?" मी श्रावणला विचारलं.

"म्या."

"कधी?"

"अठ्ठावन साली. गोदाम गयत होतं, सगये डबे उन्हात काढले होते तवा."

"कावून रंगवले?"

"जुना रंग पुसला होता." हे त्याने छताच्या पंख्याकडे बघत सांगितलं. पंखा बंद होता.

बाकीच्या दहा डब्यांचा रंग शाबूत आणि नेमका या दोघांचा पुसला? संशयी माणसाने बोलू नये, दोर सैल सोडावा. मी अकोल्याच्या जानराव देशमुखांना पत्र टाकलं. त्यांच्या थेटरात रविवारी सकाळचा खेळ रिकामा असायचा. दोन रविवार 'परतीचा टांगा' लावायचं ठरलं. शेठजींना म्हणालो, हातचं काही जात नाही. श्रावणला म्हणालो, "लोकांनी नीट पाहिलं तर प्रिंट राहील. शिट्ट्या पडल्या तर बांगड्यांना जाईल. मंग मले काही सांगायचं नाही."

"नाही सांगत," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "बाबूजी, मीबी येऊ काय पाहाले?"

हा माणूस जन्मातलं पहिलं पिच्चर बघायला निघाला होता, तेही अकोल्याला, तेही हे. मी लगेच हो म्हटलं. चोर आणि मुद्देमाल एकाच गाडीत असलेला बरा.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. श्रावणने पांढरा सदरा घातला होता, घडी मोडलेली नाही असा. डब्यांची पेटी त्याने पायाशी ठेवली होती आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तो तिच्यावर हात ठेवून बसला. तिथून पुढे गाडी सुटल्यावर त्याने मला विचारलं, "बाबूजी, पडद्यावर बाईच्या कपायावरचं कुकू नीट दिसते ना? सगयाईले दिसते?"

"दिसते. का?"

"काही नाही."

पिच्चर पाहायला निघालेला माणूस गाणी विचारतो, मारामारी विचारतो. हा कुंकू विचारतो. मी मनात गाठ मारून ठेवली.

थेटरात जानराव भेटले. दांडगे गृहस्थ, थेटर चालवतात पण पिच्चर सुरू झालं की बाहेर खुर्ची टाकून झोपतात. बायकांच्या दारावर केशरबाई होती. तिथे तिकीट घेणारी ही बाई अकोल्यात प्रसिद्ध होती. लुगड्याच्या घोळात लपवून कोणी पोर विनातिकीट आत नेलं तर तिला पोराच्या चालीवरून कळायचं. पन्नाशीची, पांढऱ्या कपाळाची, आवाजाने खणखणीत. आम्ही पेटी आत नेत होतो तेव्हा तिने वर लिहिलेलं नाव पाहिलं, कोणाकडून तरी वाचून घेतलं, आणि म्हणाली, "आला व्हय माहा पिच्चर."

माझं पाऊल अडखळलं. दहा वर्षांपूर्वी शिट्ट्या खाऊन गेलेलं पिच्चर हिचं कसं? मी श्रावणकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मला वाटलं, ही दोघं एकमेकांना ओळखतात. आता आणखी एक नाव माझ्या संशयात आलं.

खेळाला पन्नासेक माणसं असतील. मी श्रावणच्या शेजारी, शेवटच्या बाकावर बसलो. पहिल्या गाण्याला पडद्यावरचं तोंड मोठं झालं तेव्हा तो मागे सरकला. मग स्थिरावला. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, पट्टी अजून त्याच्या चिमटीतूनच जात असल्यासारखा.

पाच रिळं झाली. आता पूर येणार, घोडा येणार, म्हणून मी सरसावून बसलो. पण पूर आला नाही. टांगेवाला हसत दारात आला, उंबऱ्यावर बसला आणि पाणी मागितलं. बायकोच्या कपाळावर कुंकू. पुढे जावेशी भांडण, कपाळावर कुंकू. मग पूर, रिकामा टांगा, प्रेत. मग पांढरं कपाळ आणि हातात लगाम. शेवटपर्यंत एकही शिट्टी पडली नाही. कोणी हसलं नाही. दिवे लागले, लोक उठले, आणि एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ठीक हाये."

मी श्रावणला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं.

"तू पिच्चर बदललंस," मी म्हणालो. "बावन्न साली मी ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणाच्या सांगण्यावरून बदललं?"

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चोराच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तो सुटल्यासारखा दिसला.

"बदललं नाही बाबूजी, सुदरवलं," तो म्हणाला. "बदललं होतं ते बावन साली. माह्याच हातानं."

मग त्याने सांगितलं. बावन्न साली ही प्रिंट रेल्वेने आली तेव्हा डबे चेपलेले होते, पट्ट्यांची तोंडं, ज्यांवर रिळाचा नंबर असतो ती, तुटलेली होती. त्याने रिळं नव्या डब्यांत घातली आणि जुन्या झाकणांवरचे आकडे बघून नव्या झाकणांवर काढले. "आकडे येत नव्हते मले, बाबूजी. चित्र काढत होतो. दोन डबे एकाच चित्राचे, एक सरका, एक उलटा. झाकन गोल, त्याले वर नाही, खाली नाही. म्या जसं धरलं तसं काढलं. एकाले नऊ केलं, मंग उरला त्याले सहा." म्हणून नवव्या रिळातला मेलेला माणूस सहाव्यात मेला आणि सहाव्यातला जिवंत माणूस नवव्यात घरी आला. ऑपरेटर बिचारा झाकणावरचा आकडा पाहून रीळ चढवतो. साऱ्या वऱ्हाडाने ते तसंच पाहिलं आणि पुण्याच्या नावाने खपवलं. अठ्ठावन्न साली गोदाम गळलं, तोवर श्रावण आकडे शिकला होता. रिळं वाळवताना त्याने पट्टी उजेडाला धरली. सहामध्ये बाईचं कपाळ पांढरं, सातमध्ये कुंकू. उभ्या जागी त्याला कळलं. त्याच दिवशी त्याने दोन्ही झाकणांवरचे आकडे पुसून, अदलाबदल करून लाल रंगाने काढले, खाली रेघा मारल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक डब्याच्या सहा आणि नऊखाली तो रेघ मारू लागला.

"मंग तेव्हाच कावून नाही सांगितलं?"

"कोनाले सांगू? तुमाले?" तो म्हणाला. यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तुमी म्हनले असते, शिकला अन् अक्कल पाजयून राह्यला. नाहीतर म्हनले असते, यानं काहीतरी केलं. कोन्या मानसानं मेहनतीनं पिच्चर बनवला, अन् म्या एका रेघेसाठी पाडला. त्याले वाटलं असन, वऱ्हाडातले लोक ढोर हायेत. लोकाईले वाटलं, तो पागल हाये. एक डाव सरका चालला पायजे होता. बस."

मी वीस वर्षं सगळ्यांवर संशय घेतला. मेलेला माणूस दारात येऊन पाणी पिऊन गेला, तेव्हा नेमका घेतला नाही. मला श्रावणचा राग आला, म्हणजे खरं तर माझा आला, पण तो काढायला समोर श्रावण होता. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात बायकांच्या दाराकडून आवाज आला.

"हे कोनं केलं?"

केशरबाई आमच्याकडे चालत येत होती. तिच्या आवाजाने जानराव खुर्चीत जागे झाले.

"काय झालं बाई?" जानराव म्हणाले.

"माहा पिच्चर कापला कोनं तरी. तो मेल्यावर येते त्याच्यामंदी. मेल्यावर दारात येते, पानी मांगते. ते कुठी गेलं?"

"आला होता ना तो. पानी पेला ना."

"तवा तो जित्ता होता," केशरबाई म्हणाली. "जित्ता मानूस कोनाच्याई घरी पानी पेते."

मग तिनेच सांगितलं, जानरावांना नाही, आम्हालाही नाही, दाराकडे बघत. "माहे मालक कापसाच्या जिनात कामाले होते. सकायी जाताना पानी मांगतलं त्याईनं. रातचं भांडन झालं होतं. म्या म्हनलं, घ्या आपल्या हातानं. दुपारी खाटेवर टाकून आनलं त्याईले. त्याच साली हा पिच्चर लागला. दुसरा पिच्चर आला नाही म्हनून देशमुखाईनं दोन हप्ते चालवला. लोक शिट्ट्या मारत. म्या दारात उभी राहून रोज तीन खेप पाह्यला. मेलेला मानूस आला, तिच्या हातचं पानी पेला, सांगून गेला. म्या म्हनलं, पिच्चर बनवनाऱ्याले माहीत हाये."

श्रावण पायरीवर बसला. त्याचा नवा सदरा धुळीत टेकला. "बाई," तो म्हणाला, "ते चुकीनं झालं होतं. ते माह्या हातानं झालं होतं."

केशरबाईने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ही दोघं एकमेकांना ओळखतात हा माझा संशय तिथेच मेला.

"चूक होती," ती म्हणाली, "त कावून सुदरवली?" आणि दारावर परत गेली.

परतीच्या गाडीत श्रावण खिडकीबाहेर बघत होता. मी मात्र मनात पिच्चरचा निकाल लावत होतो, ती माझी नोकरी होती. सरळ चाललेलं 'परतीचा टांगा' कसं होतं? खरं सांगायचं तर बेताचं. नवरा-बायको गोड बोलतात, नवरा मरतो, बायको खंबीर होते. असली पन्नास पिच्चर गोदामात होती. ज्याने ते बनवलं त्याच्यावर अन्याय झाला हे खरं, पण अन्याय झाला म्हणून पिच्चर थोर होत नाही. आणि उलटं चाललेलं? त्यात मेलेला माणूस दहा मिनिटं घरी येऊन पाणी पिऊन जातो, बायको त्याला एक प्रश्न विचारत नाही, आणि तो परत जातो. ते पिच्चर मी दहा वर्षं विसरलो नव्हतो. मला शिट्ट्या आठवत होत्या असं मी समजत होतो. आठवत पाणी होतं.

जानरावांचं पत्र बुधवारी आलं. लोकांची तक्रार नाही, पण कोणी विचारतही नाही. दुसरा रविवार ठरल्याप्रमाणे होऊ द्या, पुढे नको. मी ते श्रावणला वाचायला दिलं. त्याने बोट ठेवून पूर्ण वाचलं.

"म्हंजे बांगड्या," तो म्हणाला.

"बांगड्या."

दुसऱ्या रविवारी जायचं मला कारण नव्हतं. तरी गेलो, आणि श्रावणला बरोबर घेतलं. आम्ही लवकर पोचलो. मशीनच्या खोलीत ऑपरेटर अजून यायचा होता. बारा डबे फळीवर ओळीने ठेवून श्रावण सहा आणि नऊसमोर उभा राहिला. मला त्याच्या मनात काय आहे ते कळत होतं. त्याचा हातही दिसत होता. तो झाकणापर्यंत जाऊन परत येत होता. ज्या चुकीने त्याला चार वर्षं झोपू दिलं नाही ती केशरबाईसाठी समजूनउमजून परत करायची होती. त्याच्याने होईना.

"नाही होत बाबूजी," तो म्हणाला. "पाहान तं, मले आता वाचता येते."

"सरक," मी म्हणालो. मग म्हणालो, "सरका, श्रावणभाऊ." आणि मी दोन्ही झाकणं काढून एकाचं दुसऱ्या डब्यावर बसवलं. लाल आकडे तसेच होते, खालच्या रेघाही तशाच. फक्त आता त्या खोटं बोलत होत्या. वीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही एकच लबाडी. त्या दिवशी मी कोणावर संशय घेतला नाही, कारण संशय घेण्याजोगा माणूस मीच होतो.

त्या दिवशी थेटरात तीसच माणसं होती. आम्ही बायकांचं दार दिसेल असे मागे उभे राहिलो. केशरबाई स्टुलावर बसली होती, पडद्याकडे अर्धी पाठ करून. पाच रिळं झाली आणि पूर आला. पुढे कोणीतरी शिट्टी मारली, तिची मान एकदम वळली. घोडा आला, प्रेत आलं. जाऊ भांडली, लोक हसले. "कपायावर कुकू पाहा बाईच्या," कोणी ओरडलं. केशरबाई आता पूर्ण पडद्याकडे वळली होती. स्टुलावर हलत नव्हती.

पडद्यावर दार वाजलं. टांगेवाला आत आला.

केशरबाई उठून उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला, घरचा माणूस आत आल्यावर घेतात तसा, आणि तो दोन्ही हातांनी नीट केला. शिट्ट्या चालू होत्या. पडद्यावर त्याने पाणी मागितलं, तिने दिलं. त्याने भांडं खाली ठेवेपर्यंत केशरबाई उभी होती.

श्रावणचा अंगठा तर्जनीवर थांबला होता. त्याने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "आता देऊन टाका बांगड्याईले, बाबूजी."